दिवेलागणीची शाळा

पोर शाळेंत घातलें कीं आपलें काम संपलें, असें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपैकीं पुष्कळांस वाटतें. दप्तर घेऊन दिलें, गुरुजींच्या हवालीं केलें, आतां काय घडवायचें तें गुरुजी घडवतील! पण गुरुजींची शाळा दिवसांतून पांच-सहा तासांची. उरलेले अठरा तास मूल ज्या शाळेंत असतें ती तुमच्या घरची शाळा. तिला घंटा नाहीं, हजेरीपट नाहीं आणि रविवारची सुट्टीहि नाहीं. आई, बाप, आजी, चुलता हे तिचे मास्तर. आमच्या शाळेंत शिकलेला धडा मूल परीक्षा झाल्यावर विसरतें. घरच्या शाळेंतला धडा तें मरेपर्यंत विसरत नाहीं. म्हणून त्या शाळेंत हल्लीं काय शिकविलें जात आहे, याची चौकशी आज करावयाची आहे.

खेड्यापाड्यांच्या शाळांतून वीस वर्षें मुलांबरोबर काढल्यावर एक गोष्ट आमच्या कानाला फार खुपूं लागली आहे. गणित अडलें म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरचा मुलगा म्हणतो, "गुरुजी, हें मला आलें नाहीं." शेतमजुराचा, कुंभाराचा, मेंढपाळाचा मुलगा म्हणतो, "गुरुजी, आमच्यांत हें कोणालाच येत नाहीं." दोन बोलण्यांत फरक किती थोडा दिसतो! पण पहिल्या बोलण्यांत उद्यांला जागा आहे. आज आलें नाहीं, उद्यां येईल. दुसऱ्या बोलण्यांत दार लावून आंतून कडी घातलेली आहे. सात-आठ वर्षांच्या लेकरानें ही कडी आपल्या हातानें घातली काय? मुळींच नाहीं. तें वाक्य त्यानें भाकरीबरोबर गिळलेलें असतें.

संध्याकाळीं आमच्या घरांतून काय बोललें जातें तें आठवून पाहा. "शेतींत आतां कांहीं राम राहिला नाहीं." "आपल्या नशिबीं हेंच." "शिकून कोण साहेब होणार आहे!" "पोरीच्या जातीला काय करायचें आहे इतकें?" बोलणारा वाईट मनुष्य नसतो. तो दिवसभर राबून आलेला असतो. कांदा मातीमोल गेला, सोसायटीचें कर्ज थकलें, पाऊस दांडी मारून बसला. त्याच्या तोंडून दुसरें काय निघणार? तो आपलें ओझें बोलून हलकें करतो. पण तें ओझें कोपऱ्यांत बसलेल्या पोराच्या डोक्यावर जातें, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. वऱ्हाड-मराठवाड्यांतून कर्जापायीं जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षें वाचीत आलों आहों. त्या बातमीच्या मागें एक घर असतें व त्या घरांत मुलें असतात. तेव्हां मुलांच्या मनांत भरंवसा कसा पेरावा, हा विचार म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक नव्हे. आपल्यासाठीं तो जीवनमरणाचा विचार आहे.

आधीं भरंवसा म्हणजे काय तें नीट समजून घेऊं. नाहींतर हळद पिऊन गोरें व्हायला निघालेल्यांची गत होईल. "सगळें ठीक होईल, काळजी करूं नकोस," असें पोराला रोज सांगणें म्हणजे भरंवसा नव्हे. सगळें ठीक होत नाहीं, हें शेतकऱ्याच्या पोराला आपल्याहून लौकर कळतें. गारपीट त्यानें पाहिलेली असते, दावणीचा बैल विकला जातांना त्यानें पाहिलेला असतो. खोट्या धीरानें मूल धीट होत नाहीं; उलट बापाच्या शब्दावरून त्याचें मन उडतें.

खरा भरंवसा पाहावयाचा असेल तर मृगाच्या दिवसांत शेतावर जा. घरांत दाणा मोजका. तरी त्यांतला चांगला दाणा निवडून शेतकरी रानांत नेतो, तिफण किंवा पाभर जुंपतो, काळ्या आईला हात जोडतो आणि चाड्यावर मूठ धरतो. ढग येतील कीं नाहीं हें त्याला कोणी लिहून दिलेलें नसतें. पण वाफसा पाहून, बी पारखून, तास सरळ ठेवून आपल्या हातचें सर्व करावयाचें आणि जें हातचें नाहीं त्यासाठीं मन खंबीर ठेवावयाचें, ही रीत त्याच्या वाडवडिलांनीं त्याच्या हाडांत मुरविलेली आहे. आंधळेपणाचा यांत लवलेश नाहीं. जगांत याहून मोठा श्रद्धावान कोण आहे? मग ज्याच्या घरीं एवढी मोठी श्रद्धा नांदते, त्याचेंच पोर "आमच्यांत कोणालाच येत नाहीं" असें कां म्हणतें? कारण ती श्रद्धा रानांत राहते. ती संध्याकाळीं घरांत येत नाहीं. ती घरांत कशी आणावी एवढाच आमच्या आजच्या सांगण्याचा मुद्दा आहे.

ती विकत आणतां येत नाहीं, हें मात्र प्रथम सांगितलें पाहिजे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत, शेतकऱ्याच्या घरीं मूल जन्माला येण्याच्या आधींपासून तो मनुष्य मरेपर्यंत व मेल्यावरहि धर्माच्या नांवानें त्याची गांठ कशी सोडविली जाते, याचा हिशेब मांडला आहे. त्याला आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. हिशेबांतलीं नांवें बदललीं, बेरीज बदलली नाहीं. आज हातउसने पैसे काढून वास्तुशांत होते, नवसाचें बोकड पडतें, जत्रेंत भोंग्यांवर पैसा उधळतो, पोराच्या वाढदिवसाला चौकांत त्याच्या तोंडवळ्याचा फलक लागतो आणि केक कापला जातो. दुसऱ्या दिवशीं त्याच पोराला वहीसाठीं पैसे मागितले कीं बाप त्याच्या अंगावर ओरडतो. त्या पोरानें या सगळ्यांतून काय घ्यावें? एक दिवस आपला सोहळा झाला आणि बाकी तीनशें चौसष्ट दिवस आपल्याकडे कोणी पाहिलें नाहीं, हेंच ना? गाडगे महाराज (१८७६–१९५६) खेडोखेडीं खराटा घेऊन फिरले आणि कर्ज काढून देव करूं नका, वेळ पडली तर घरचें ताट मोडा पण पोरांना शिकवा, असें कीर्तनांतून सांगत राहिले. त्यांच्या पुतळ्याला आम्ही हार घालतों आणि कर्ज काढून जेवणावळी घालतों!

विधि मोठा असला म्हणजे त्याचें फळ मोठें, ही समजूतच मुळांत चुकीची आहे. मुलाच्या मनाची जमीन एका ढगफुटीनें भिजत नाहीं. पाणी वरच्यावर वाहून जातें आणि मातीहि घेऊन जातें. तिला झिमझिम पाऊस लागतो, रोजचा, थोडाथोडा, ठरल्या वेळीं.

आतां आमच्याच विचाराच्या सुधारक मंडळींस दोन शब्द. आपण मध्यस्थ नको म्हटलें, सोंवळें-ओंवळें नको म्हटलें, अर्थ न समजतां म्हटले जाणारे मंत्र नको म्हटले. हें योग्यच झालें. पण त्या रिकाम्या जागीं घरांत आपण काय ठेविलें? कित्येक सुधारकांच्या घरीं देव्हारा गेला आणि तेथें दूरदर्शन आलें. संध्याकाळची पोथी गेली आणि प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आला. ही सुधारणा नव्हे. हें नुसतें घर मोकळें टाकणें झालें, आणि मोकळ्या घरांत उंदीर-घुशींचेंच फावतें. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास स्थापन झाला तेव्हां जोतीरावांनीं नुसतें 'नको' म्हटलें नाहीं. लग्न आपल्या भाषेंत, आपल्या माणसांच्या हातून, थोडक्या खर्चांत कसें लावावें तें त्यांनीं करून दाखविलें. निर्मिकाला भजण्यास दलाल लागत नाहीं, हें सांगतांना त्यांनीं निर्मिकच काढून टाकला नाहीं.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १८८८ सालीं अर्धांगवायूनें त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्यानंतर डाव्या हातानें त्यांनीं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलें; तें त्यांच्या मागें १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. त्या पुस्तकाची रचना प्रश्नोत्तरांची आहे आणि प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांनीं आपला दत्तक पुत्र यशवंत यास बसविलें आहे. देवाला फुलें कां वाहावयाचीं, नैवेद्य कां दाखवावयाचा, नामस्मरणानें काय होतें, असे प्रश्न त्या पुस्तकांत येतात आणि एकाहि प्रश्नकर्त्याला "गप्प बस" असें उत्तर मिळत नाहीं. लुळ्या पडलेल्या हाताचें कौतुक आम्ही भाषणांत करतों. पण मुलाला समोर बसवून प्रश्न विचारूं देणें, हेंहि त्या महात्म्याचें तेवढेंच मोठें काम होतें. ज्या घरांत मूल प्रश्न विचारूं शकतें त्याच घरांत श्रद्धा टिकते. बाकीच्या घरांत टिकतें तें भय.

आमच्या बहुजनांच्या घरांत पूर्वी असें रोजचें कांहीं नव्हतें असें नाहीं. पहांटे जात्यावर बसलेल्या बायका ओव्या म्हणत आणि मांडीवरचें लेकरूं त्या घरघरींतच डोळे उघडी. त्या ओव्यांत विठ्ठल होता, माहेर होतें, सासरचा जाच होता आणि तान्ह्या बाळाचें नांव होतें. पुण्याजवळच्या मावळ-मुळशीच्या डोंगरांतून व इतर भागांतून हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, यावरून ती परंपरा केवढी होती तें कळेल. लिहितां न येणाऱ्या बायांची ही विद्या! गिरणी आली, बायांच्या पाठीचें दुखणें गेलें, फार चांगलें झालें. जातें पुन्हां घाला असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याबरोबर लेकराच्या कानांवर रोज पहांटे पडणारें त्याचें स्वतःचें नांवहि गेलें आणि त्याच्या जागीं आपण कांहीं आणलें नाहीं.

तसाच परवचा. दिवेलागणीला हातपाय धुवून मुलें ओसरीवर बसत आणि पावकी, निमकी, पाढे मोठ्यानें म्हणत. आजोबा सुपारी कातरतां कातरतां चूक काढीत. वारकऱ्यांच्या घरीं त्याच वेळीं हरिपाठ होई. पाढा आणि अभंग एकाच बैठकींत! अक्कल आणि भक्ति यांचीं दोन वेगळीं दुकानें आमच्या आजोबांनीं मांडलीं नव्हतीं. सांवता माळ्यानें मळ्यांत, गोरोबा कुंभारानें चाकावर, नरहरी सोनारानें सोनारकाम करतां करतां, सेना न्हाव्यानें धोकटीसह आणि जनाबाईनें दळतां-कांडतां देव पाहिला. काम सोडून देव नाहीं आणि देव म्हणून कामाची लाज नाहीं, ही शिकवण याच संतांची. आज कुंभाराच्या पोराला शाळेंत बापाचा धंदा सांगायची लाज वाटते. ज्या घरांत रोज सकाळीं बाप चाकाला हात लावून नमस्कार करतो आणि "याच्यावर आपलें घर चालतें" असें पोराला सांगतो, त्या घरच्या पोराला ही लाज वाटत नाहीं. हें आम्हीं वर्गांत पाहिलें आहे.

रोजच्या अशा एका बैठकीनें काय होतें याचा सर्वांत मोठा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरचा आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करांत सुभेदार होते आणि कबीरपंथी होते. घरांत शिस्त कडक. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठीं १९५६ सालीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत बाबासाहेबांनीं सांगितलें आहे कीं, रोज रात्रीं निजण्यापूर्वी वडील त्यांना व त्यांच्या वडील भावाला महाभारत-रामायणाचा कांहीं भाग बहिणींना व जमलेल्या मंडळींना वाचून दाखवावयास लावीत. हा क्रम कितीएक वर्षें चालला. पुढें मुलानें विचारलें, हीं पुस्तकें आम्हीं कां वाचावीं? वडिलांनीं दिलेलें उत्तर प्रत्येक बापानें ध्यानांत ठेवावें असें आहे. त्याचा भावार्थ असा कीं, आपल्याला लोक अस्पृश्य मानतात, त्यामुळें तुझ्या मनांत 'मी कमी आहें' ही भावना घर करील. द्रोण, कर्ण, वाल्मीकि हीं साधीं माणसें केवढीं चढलीं तें पाहून ती भावना जावी म्हणून हें वाचन.

पाहा, रामजींना काय ठाऊक होतें! पोराला शाळेंत पाण्याच्या हौदाला हात लावूं दिला जात नाहीं, तें जग आपल्याला उद्यां बदलतां येणार नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें. पण त्या जगानें दिवसभर पोराच्या मनावर जो डाग पाडला तो रोज रात्रीं धुवून काढणें आपल्या हातीं आहे, हेंहि त्यांस ठाऊक होतें. डाग रोज पडतो म्हणून धुणेंहि रोज.

आणि याच्या पुढची गोष्ट आणखी मोलाची. तें उत्तर मुलाला पुरतें पटलें नाहीं. भीष्म, द्रोण, कृष्ण हे आपणांस आवडत नाहींत, असें त्यानें बापाला तोंडावर सांगितलें. त्याच मुलाच्या हातीं कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं आपण लिहिलेलें बुद्धाचें चरित्र ठेविलें, तें त्यानें वाचलें, आणि तो धागा १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास कोठें जाऊन पोंचला तें सर्वांस माहीत आहे. पोथी मागें पडली. पण रोज रात्रीं पोथीपुढें बसून अंगीं मुरलेला भरंवसा मागें पडला नाहीं. तेव्हां घरीं कोणतें पुस्तक वाचावें यावर भांडत बसूं नका. मुलाला समोर बसवून "तूं कमी नाहींस" हें रोज सांगणारा बाप त्याला मिळाला कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

असा दाखला ऐकला कीं लोक म्हणतात, ती थोर माणसें, आपलें काय? म्हणून आपल्या घरीं काय करतां येईल तें आतां रोकडें सांगतों. यांतलें एकहि काम पैशाचें नाहीं.

दिवेलागण झाली कीं घरांत एक दिवा लागावा. वीज असली तरी लागावा. तो लावण्याचें काम मुलांचें. आज मुलगा, उद्यां मुलगी. मुलीचा विटाळ मानून तिला दिव्यापासून दूर ठेवाल तर दिवा न लावलेला बरा. दिवा लागला कीं घरांतील सर्वांनीं जमिनीवर एकत्र बसावें आणि मोबाईल तेवढा वेळ फडताळांत ठेवावा; बापाचा सर्वांत आधीं, कारण आडांत नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार? मग आपल्या भाषेंत, आपल्याला समजतें असें कांहीं म्हणावें. वारकऱ्यानें अभंग म्हणावा, सत्यशोधकानें अखंड म्हणावा, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गांवांत सामुदायिक प्रार्थना आहे ती म्हणावी, बौद्धानें वंदना म्हणावी, मुसलमान व ख्रिस्ती बंधूंनीं आपली प्रार्थना करावी. देव न मानणाऱ्यानें चांगल्या पुस्तकाचें एक पान वाचावें. अट एकच कीं, म्हटलें त्याचा अर्थ मुलानें विचारला तर सांगतां आला पाहिजे. येत नसेल तर "उद्यां विचारून सांगतों" म्हणावें आणि दुसऱ्या दिवशीं खरेंच सांगावें.

त्यानंतर परवचा. एक पाढा, फार तर दोन. आई-बापांना येत नसेल तर मुलानें त्यांना शिकवावा. ज्या मुलानें एकदां आपल्या आईला पाढा शिकविला तें मूल "आमच्यांत कोणालाच येत नाहीं" हें वाक्य पुन्हां उच्चारीत नाहीं.

मग प्रत्येकानें दोन गोष्टी सांगाव्या. आज माझ्या हातून काय झालें आणि आज मला काय जड गेलें. मुलानें सांगावें, तसें बापानेंहि सांगावें. "आज बांधाची ताल घातली," "आज वखराची पास मोडली," एवढें पुरे. दिवस कितीहि वाईट गेला तरी हातून कांहीं ना कांहीं झालेलें असतेंच, हें मुलाला रोज दिसूं लागतें. आणि मोठ्या माणसालाहि जड जातें व तें सांगण्यांत लाज नाहीं, हेंहि कळतें. ज्या माणसाला आपलें जड झालेलें बोलायची संवय लहानपणीं लागली तो पुढें संकटांत मुकाट्यानें दोराकडे वळण्याआधीं आपल्या माणसांकडे वळेल, अशी आमची आशा आहे.

आणि शेवटीं सर्वांनीं एका पंगतीला जेवावें. सर्वांनीं म्हणजे आईनेंहि. पुरुषांचें झाल्यावर उरलेली कोर खाणाऱ्या आईच्या मुलींना तुम्ही कोणतीहि प्रार्थना शिकवा, त्यांना आपली पायरी त्या पंगतीवरूनच कळते. जेवण्यापूर्वी पिकविणाराचें, रांधणाराचें आणि निर्मिकाचें नांव घ्यावें. एवढ्याला अर्धा तास लागतो.

हें सर्व करून एक गोष्ट केली नाहीं तर पाणी पालथ्या घड्यावर. ती म्हणजे दिलेला शब्द पाळणें. मुलाचा देवावर भरंवसा बसण्याआधीं तो आई-बापांवर बसावा लागतो. "येत्या बाजारीं वही आणतों" म्हणालांत तर वही आली पाहिजे. आणतां येत नसेल तर उजळ माथ्यानें सांगा, "कांद्याला भाव मिळाला नाहीं, वही पुढच्या बाजारीं." मूल ऐकतें, गरिबी त्याला समजते. त्याला समजत नाहीं तो खोटेपणा. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत. धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने आणि शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें, पण मुलांना उपाशी निजूं दिलें नाहीं. १९३० सालीं ती माउली गेली. "तुम्ही आमचीं लेकरें" हा शब्द तिनें दिला होता आणि तो चुलीवर पाळून दाखविला. रोज ठरल्या वेळीं पेटणारी चूल हा मुलाचा पहिला धर्मग्रंथ आहे. दारू पिऊन बाप घरीं आला कीं त्या ग्रंथाचीं पानें फाटतात; मग ती संध्याकाळ कोणत्याहि दिव्यानें उजळत नाहीं. ज्याला हा नेम सुरू करायचा आहे त्यानें पहिला नेम आपल्या पेल्याला घालावा.

तसेंच भय. "बागुलबुवा येईल," "चिंचेवरची हडळ धरील," "देवी कोपेल," असें सांगून पोरांना झोंपविण्याची खोड आमच्या घरांतून अजून गेली नाहीं. ताप आला कीं दवाखान्याआधीं देवऋषी! अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रानें २०१३ सालीं कायदा केला आणि त्याच वर्षीं त्या कायद्यासाठीं झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यास खून झाला. कायदा मांत्रिकाला धरील, पण आजीच्या गोष्टींतल्या हडळीला धरणारा शिपाई घरचाच पाहिजे. अंधाराला भिणारें मूल पुढें सावकाराला, साहेबाला आणि भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्यालाहि भितें. त्याला हाताला धरून अंधाऱ्या गोठ्यांत न्या, म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला लावा आणि म्हणा, "बघ, दिवसा होती तीच आहे." एवढा विधि कोणत्याहि शांतीहून मोठा आहे.

कोणी म्हणेल, वेळ कोठें आहे? ऊसतोडीला गेलेल्या बापाला दिवेलागण माहीत नसते. पहांटे फडांत आणि रात्रीं कोपींत. खरें आहे. पण हा नेम घराला लागलेला नाहीं, माणसांना लागलेला आहे. कोपींत चिमणी लागतेच. रात्रीं भाकरी थापतांना दोन गोष्टी सांगतां येतात, गाडींत बसून पाढा म्हणतां येतो. जें मूल दर हंगामाला गांव बदलतें त्याला तर न बदलणारी एक गोष्ट फारच हवी.

दुसरा म्हणेल, दिव्यानें कर्ज फिटतें काय? भाव मिळतो काय? नाहीं. भावासाठीं संघटना पाहिजे, कर्जासाठीं लढा पाहिजे, शाळेंत मास्तर कमी असेल तर पंचायतींत जाऊन टेबल ठोकलें पाहिजे. दिवा लावला म्हणून हें सोडूं नका. जो सोडा म्हणतो तो तुमचा हितचिंतक नव्हे. पण बंधूंनो, लढ्याला माणसें लागतात आणि माणसें घरांत घडतात. लहानपणींच आंतून कडी घातलेलें मूल मोठेपणीं मोर्चालाहि येत नाहीं आणि परीक्षेलाहि बसत नाहीं. तें म्हणतें, आपल्यानें काय होणार!

हा नेम सुरू करण्यासाठीं पंचांग पाहूं नका. पौर्णिमा-एकादशीची वाट पाहूं नका, कोणाला दक्षिणा देऊं नका, शेजाऱ्याला बोलावून सोहळा करूं नका. आज अंक वाचून झाला कीं संध्याकाळ होईलच. घरांतल्या सर्वांत धाकट्या पोराच्या हातीं काड्यापेटी द्या, शेजारीं बसा, आणि वात लागली कीं त्याला विचारा, "आज तुझ्या हातून काय झालें?" उत्तर येईपर्यंत उठूं नका.